परमुलखांतील घास आणि परमुलखांतील शब्द

समुद्र ओलांडणें हें एके काळीं आपल्या समाजांत पातक गणलें जात असे. विलायतेहून परतलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घेतल्यावांचून पंक्तीस बसतां येत नसे. आणि त्या पातकांत खाऱ्या पाण्यापेक्षां अधिक भार असे तो परक्याच्या हातच्या अन्नाचा. समुद्रहि दूरच राहिला. पुण्याच्या पुण्यांत, पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं घेतलेल्या चहाच्या एका पेल्यानें केवढें वादळ उठलें, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसेंहि त्या ग्रामण्यांत कशीं गोंवलीं गेलीं, ही हकीकत आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे.

आज तें सर्व इतिहासजमा झालें. कोणाचा मुलगा अमेरिकेंत, कोणाची लेक जर्मनींत. आणि ज्यांचें कोणीच तिकडे नाहीं अशीं कुटुंबेंहि सुटींत युरोप पाहून येतात. प्रायश्चित्त गेलें, पण त्याची एक सांवली मात्र मागें रेंगाळत आहे. परदेशीं निघालेल्या कुटुंबाची पेटी उघडून पाहावी. मेतकूट, भाजणी, लिंबाचें लोणचें, बेसनाचे लाडू, चिवडा आणि गरम पाणी ओतलें कीं फुगणाऱ्या उपम्याच्या पुड्या! प्रवासी मंडळांच्या जाहिरातींतहि तेथील डोंगर-सरोवरांइकेंच ठळक अक्षर असतें तें ‘रोज वरणभात’ या आश्वासनाचें. पंधरा दिवसांत पांच देश पाहून मंडळी परत येतात, चित्रें दाखवितात, आणि ‘तेथलें लोक काय खातात, काय बोलतात?’ असें घरांतील एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

डोळ्यांनीं प्रवास झाला, पायांनीं झाला. जिभेनें मात्र घरचा उंबरठा ओलांडला नाहीं. चव घेणें आणि बोलणें, हीं दोन्हीं कामें विधात्यानें एकाच इंद्रियाकडे सोपविलीं आहेत. जें कुटुंब परमुलखांतील घासाला बिचकतें, तेंच बहुधा तेथील शब्दालाहि बिचकतें. आणि या दोन गोष्टींवांचून त्या देशाची खरी ओळख होणें कठीण. शाकाहार सांभाळून, आपली मराठी न सोडतां, ही ओळख कशी करून घ्यावी, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. त्यासाठीं शाळाहि दूर शोधावयास नको. ती आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर फार जुन्या काळापासून भरत आहे.

किनाऱ्यावरील जुनी शाळा

मुंबईहून बोटीनें मांडव्यास उतरून दक्षिणेकडे निघालें, कीं अलिबाग, नागांव, चौल, रेवदंडा अशी नारळी-पोफळींच्या वाड्यांची ओळ लागते. हाच तो अष्टागराचा मुलूख. सुटींत तेथें जाणारा आजचा प्रवासी वाळू आणि सूर्यास्त पाहून परततो; परंतु हा किनारा सुमारें दोन हजार वर्षें परदेशीय पाहुण्यांस जेवूं घालीत आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत चौल बंदराचें नांव ‘सेमुल्ला’ अशा रूपानें आढळतें. पुढें इसवी सन ९१६ च्या सुमारास अल् मसूदी हा अरब प्रवासी येथें आला, तेव्हां त्यास या ‘सैमूर’ बंदरांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व येथेंच लग्नें करून स्थायिक झालेले हजारों मुसलमान दिसले. येथील लोकांची बोली कोणती, हेंहि त्यानें नोंदून ठेविलें आहे. व्यापाराच्या हिशेबाबरोबर बोलीचीहि नोंद ठेवणारा प्रवासी हाच खरा प्रवासी, असें आम्हांस वाटतें.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशियांतील त्वेर गांवचा अफानासी निकितीन हा व्यापारी होर्मुझहून विकण्यासाठीं एक घोडा घेऊन चौलास उतरला. रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे. त्याच्या प्रवासवृत्तांत अन्नाविषयीं आलेला मजकूर आपल्या वाचकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावा असा आहे. येथील हिंदु लोक मांस खात नाहींत, उजव्या हातानें जेवतात, आणि जेवतांना परधर्मीयांपासून आपलें अन्न झांकून ठेवितात, असें त्यानें लिहिलें आहे. पुढें त्यानें आपण कोण, आपला धर्म कोणता हें मोकळेपणीं सांगितलें, तेव्हां त्याच लोकांनीं त्याच्यापासून आपलें खाणेंपिणें आणि देवधर्म लपविण्याचें सोडून दिलें. एवढ्या लहानशा हकीकतींत प्रवासाचें एक मर्म आहे. ताटावरचा पडदा धनानें किंवा जबरदस्तीनें दूर होत नाहीं; आधीं स्वतःची ओळख द्यावी लागते. आणि ओळख द्यावयाची म्हणजे बोलावें लागतें.

नारळाच्या दुधाची युक्ति

चौलाच्या उत्तरेस, अलिबागेजवळ नवगांव आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेप्रमाणें त्यांच्या पूर्वजांचें गलबत याच किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं. आणि मृतांस नवगांवींच मूठमाती देण्यांत आली. किनाऱ्यावरील खेड्यांतून ही मंडळी राहिलीं. तेलाचे घाणे चालवूं लागलीं, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. गांवावरून आडनांवें पडलीं: पेणकर, रोहेकर, नवगांवकर, केहीमकर, चेऊलकर. घरांत मराठी, बाहेर मराठी. इतकेंच नव्हे, तर एकोणिसाव्या शतकांत त्यांनीं आपल्या धर्मग्रंथांतील आख्यानांवर मराठींत कीर्तनेंहि रचलीं.

आतां त्यांच्या स्वयंपाकघराकडे पाहूं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें दूध व मांस एका जेवणांत एकत्र येतां कामा नये. हा नियम मोडावयाचा नाहीं. पण कोंकणांत राहून कोंकणचें अन्न तर खावयाचें! त्यांनीं वाट काढली ती नारळाच्या दुधाची. नारळाच्या दुधास धर्मशास्त्राची आडकाठी नाहीं, आणि वाडींत नारळास तोटा नाहीं. गव्हाच्या चिकाचा हलवाहि त्यांच्या घरीं नववर्षाच्या सणास नारळाच्या दुधांतच शिजतो. एलियाहू संदेष्ट्याच्या नांवानें ‘मलिदा’ करितात तो पोह्यांचा: भिजविलेले पोहे, ओलें खोबरें, गोडी आणि सभोंवतीं फळें. आपल्याकडील दडप्या पोह्यांची किंवा कोजागरीच्या पोह्यांची ज्यांस ओळख आहे, त्यांस हा प्रसाद परका वाटणार नाहीं.

सणांचीं नांवें तर ऐकतच राहावीं. ‘खिरीचा सण’, ‘नव्याचा सण’, ‘दारफाळणीचा सण’! जेरुसलेम येथील मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ जो कडक उपास पाळितात, त्यास हे लोक ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. कारण तो सोडतांना वालाचें बिरडें खात. हिब्रू परंपरा, फारसी-मुसलमानी ‘रोजा’ आणि पेण-अलिबागचे वाल हीं तिन्हीं दोन शब्दांत अशीं नांदत आहेत, कीं कोणासहि दुसऱ्याची अडचण होऊं नये.

१९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्रायलास गेलीं. रायगडांत आज थोडींच उरलीं आहेत. परंतु तिकडे दिमोना, लोद, अश्दोद अशा गांवीं वसलेल्या या मंडळींनीं मलिदा नेला, आणि मराठीहि नेली; ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं तेथें चालविलें. नव्या पिढीची भाषा मात्र हिब्रू झाली. आजीच्या घरचा पदार्थ नातवास आवडतो. त्याचें नांवहि तो मराठींतच घेतो. पण आजीची पूर्ण गोष्ट त्यास समजेलच असें नाहीं. पदार्थाचें नांव हा भाषेचा शेवटचा बुरूज असतो. तो शाबूत आहे तोंवर किल्ला परत बांधतां येतो.

कोर्लईची ‘आमची भाषा’

रेवदंड्याहून कुंडलिकेची खाडी ओलांडली कीं कोर्लई. डोंगरावर किल्ला, पायथ्याशीं गांव. पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं रेवदंड्यास आपलें ठाणें घातलें, १५९४ सालीं कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला, आणि १७४० सालीं तहानें हा सर्व मुलूख मराठ्यांच्या हवालीं करून ते निघून गेले. गेले ते राज्यकर्ते. त्यांच्या आश्रयानें ख्रिस्ती झालेलीं येथील गोरगरीब कुटुंबें मात्र कोर्लईसच राहिलीं, आणि त्यांच्या तोंडीं राहिली एक वेगळीच बोली. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात. म्हणजे ‘आमची भाषा’. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठीच्या वळणाची; क्रियापद आपल्याप्रमाणेंच शेवटीं. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें या बोलीचा सखोल अभ्यास करून १९९६ सालीं तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आंतबाहेर. सभोंवतीं मराठीचा महासागर, मुलांचें शिक्षणहि मराठींत. तरी राज्यकर्ते गेल्यावर पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ एका खेड्यानें ही बोली चुलीशेजारीं जपली, ही गोष्ट नवलाची नव्हे काय?

आपल्यांपैकीं किती कुटुंबें मुरूड-जंजिरा पाहण्यास जातांना कोर्लईवरून मोटारीनें निघून जातात! अमुक देशांत अमुक भाषेचे चार शब्द ऐकावयास हजारों मैल जाणाऱ्यांनीं, परवानगी विचारून आणि आदरानें, आपल्या जिल्ह्यांतील ही समुद्रापलीकडची वाणी एकदां कानांवर घ्यावी. तसेंच अष्टागरांतील आगरी बोलीचें. ती ‘पाणी’ स ‘पानी’ म्हणते, ‘डोळा’ स ‘डोला’ म्हणते. म्हणून आपल्या घरांतील शिकलेलीं मुलें हंसतात. अशीं मुलें पॅरिसांत जाऊन फ्रेंच उच्चारांचें कौतुक करतील, यावर आमचा तरी विश्वास नाहीं. परक्या बोलीविषयींची रसिकता घरच्या अंगणांतच शिकावी लागते. हिंवाळ्यांत शेताच्या बांधावर वालाच्या शेंगा, रताळीं व बटाटे मडक्यांत भरून, भांबुर्ड्याच्या पाल्यानें तोंड बंद करून, पाण्याचा थेंब न घालतां पोपटी लावतात. त्या जाळाभोंवतीं बसून जी आगरी ऐकूं येते, ती कोणत्याहि पुस्तकांत मिळावयाची नाहीं. अलिबागचा पांढरा कांदाहि तेथेंच, बाजारांतील माळेंतून निवडतांना, त्याच बोलींत मागून पाहावा.

आपल्या पानांतील परके पाहुणे

‘हें सर्व खरें, पण आपलें तें आपलें’, असें कोणी वडील माणूस म्हणेल. तें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु ‘आपलें’ म्हणजे कोणतें, हें एकदां पाहावें. घरांतील सर्वांत सोंवळें पान म्हणजे एकादशीच्या फराळाचें. त्यावर काय असतें? साबुदाण्याची खिचडी: आपल्याकडील साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तींतील शेंगदाणे अमेरिकेचे, मिरची अमेरिकेची, बटाटा अमेरिकेचा. शेजारीं रताळ्याचा कीस, तेंहि अमेरिकेचें. राजगिऱ्याचा लाडू, त्याचेंहि मूळ वनस्पतिशास्त्रज्ञ तिकडेच दाखवितात. वर पपईची फोड, पेरू, चिकू; सर्व तिकडचे! शिंगाडा आणि वरई यांनीं कायती आपली लाज राखली. कोलंबसाच्या पूर्वीं ज्या ताटाची कल्पनाहि येथें कोणास नव्हती, तें ताट आज आपल्या घरीं व्रताचें ताट आहे. यांतील पुष्कळ वनस्पति पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या.

नुसतें अन्नच आलें नाहीं, शब्दहि आले. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई, कोबी. चावी, बादली, घमेलें, पिंप, परात, फीत. पगार आणि लिलाव. पाद्री आणि नाताळ: हे सर्व पोर्तुगीज वळणाचे शब्द. आंब्यांचा राजा हापूस, तोहि आफोन्सु या पोर्तुगीज नांवाचाच अपभ्रंश. ‘बटाटा’ शब्दाची कथा तर अधिकच गमतीची. तो मूळ कॅरिबियन बेटांवरील लोकांचा, आणि तोहि रताळ्याचा! तेथून तो लिस्बनला गेला, लिस्बनहून कोंकणांत आला, आणि आपल्या आजीनें त्यास उपासाच्या पदार्थांत बसविलें. ज्या घरानें इतक्या परक्यांस सोंवळ्यांत घेतलें, त्या घरानें परदेशीं जाऊन ताटावर हात आंखडावा, हें आपल्याच परंपरेस धरून नाहीं.

लिस्बनच्या बाजारांत एक चौलच्या आजी

आमच्या परिचयाच्या एका घरांतील सत्तरी ओलांडलेल्या आजी कांहीं दिवसांपूर्वीं लेकीकडे लिस्बनला तीन महिने राहून आल्या. माहेर चौलचें, शिक्षण जुनी मॅट्रिक. नात सहा वर्षांची. जन्म तिकडचा, शाळा पोर्तुगीज. ती आईशीं मोडकें मराठी बोले, पण आजी समोर आली कीं तोंड मिटून बसे. पहिल्या आठवड्यांत आजींनीं लेकीस म्हटलें, ‘बायो, ही पोर माझी कीं परक्याची, हेंच मला कळेनासें झालंय.’ पेटींतील भाजणीनें पोट भरत होतें. मन भरत नव्हतें.

मग एके दिवशीं तिघी बाजारांत गेल्या. भाजीवालीनें ढिगाकडे बोट करून म्हटलें, ‘बताता.’ आजी थबकल्या. पुढें अननसाकडे पाहून ती म्हणाली, ‘अनानाश.’ कोबीजातीच्या हिरव्या पाल्यास ‘कोव’. आजींस हंसूं फुटलें. त्यांनीं नातीस जवळ घेतलें आणि विचारलें, ‘पावाला काय म्हणतेस गं?’ नात म्हणाली, ‘पांव’. ‘आणि कुलुपाची चावी?’ ‘शाव.’ ‘बादली?’ ‘बाल्द!’ चहास त्या देशांत ‘शा’ म्हणतात, हें ऐकल्यावर तर आजींस लिस्बन हें चौलच्या खाडीपलीकडचेंच एखादें गांव वाटूं लागलें. त्या दिवसापासून घरांत खेळ सुरू झाला. नातीनें एक शब्द सांगावा, आजीनें त्याचा मराठी जुळा शोधावा. जुळे शब्द संपले. तोंवर नातीचें तोंड उघडलें होतें. जे शब्द जुळत नव्हते, तेहि ती मग विचारूं लागली.

अन्नाचेंहि तसेंच झालें. तेथें पिवळ्या शेंगदाळीचे मोठे दाणे मिठाच्या पाण्यांतून काढून खातात; त्यांस ‘त्रमोसुश’ म्हणतात. त्यांचा कडवटपणा जाण्यास ते दिवसेंदिवस पाण्यांत ठेवावे लागतात, आणि खातांना साल काढावें लागतें. आजींनीं एक दाणा बोटांत दाबला, साल सुटलें, आणि त्या म्हणाल्या, ‘अगं, हें तर बिरडें!’ दूध, तांदूळ व साखर यांची दालचिनी भुरभुरलेली खीर तेथें घरोघर होते; तिला ‘अरोझ दोस’, म्हणजे गोड भात, असें म्हणतात. कांहीं घरीं तींत अंड्याचा बलक घालतात, म्हणून लेकीनें आधीं विचारून घेतलें. शेजारच्या वृद्ध बाईंनीं तो न घालतां पुन्हां केली, आणि वर दालचिनीनें नक्षी काढून पाठविली. त्या भांड्यांतून आजींनीं नारळीभात परत पाठविला. रिकामें भांडें परत करूं नये, ही रीत पोर्तुगीज शेजारणीस कोणी समजावून सांगावी लागली नाहीं.

देवघेव एकतर्फी नसते, हेंहि आजींस तेथेंच कळलें. तांदूळ घालून केलेल्या पातळ सारास पोर्तुगीज ‘कांझा’ म्हणतात. तो शब्द दक्षिणेंतील ‘कांजी’ चा. तो पदार्थ तिकडे कोंबडीचा होतो, तेव्हां तो आपल्या कामाचा नाहीं. पण शब्दास नमस्कार करण्यास काय हरकत? आपला सामोसाहि तेथें ‘शामुसा’ होऊन बसला आहे.

शाकाहारी कुटुंबांनीं करावें तरी काय?

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली: पेटींत शिदोरी असावी, पण ती अडीनडीसाठीं, रोजच्यासाठीं नव्हे. परदेशांत सकाळचा बाजार हें शाकाहारी माणसाचें सर्वांत सुरक्षित अन्नछत्र आहे. फळें, ताज्या भाकऱ्या, चीज, ऑलिव्ह, सुका मेवा हें सर्व तेथें डोळ्यांनीं पाहून घेतां येतें. शरद ऋतूंत पोर्तुगालांत रस्त्यावर चेस्टनट भाजून विकतात. त्यांची चव भाजलेल्या रताळ्याच्या जवळची. स्वस्त, सात्त्विक आणि अस्सल तेथलें!

दुसरी: ‘भाजीचें सार आहे’ एवढ्यावर विसंबूं नये. बटाटा व हिरवा पाला यांचें ‘काल्दु वेर्द’ हें सार दिसावयास निरुपद्रवी, पण त्यांत मांसाची चकती टाकण्याची चाल आहे. यासाठीं त्या देशाच्या भाषेंतील चार वाक्यें घरूनच पाठ करून जावें. पोर्तुगालांत ‘सें कार्न’ म्हणजे मांसावांचून, ‘सें पेश’ म्हणजे मासळीवांचून, ‘सें ओवु’ म्हणजे अंड्यावांचून. युरोपांत पुष्कळ ठिकाणीं मासळीस मांस समजत नाहींत, म्हणून दोन्हीं शब्द सांगावे. आणि विनंति करतांना कपाळास आंठी नसावी. आपला नियम हा आपला आहे. यजमानाच्या अन्नाची ती निंदा नव्हे, हें चेहऱ्यावर दिसलें पाहिजे.

तिसरी: आभार तेथील भाषेंत मानावे. पोर्तुगीज भाषेंत पुरुषानें ‘ओब्रिगादु’ म्हणावें, स्त्रीनें ‘ओब्रिगादा’. क्रियापदाचें व विशेषणाचें लिंग सांभाळण्याची आपल्या जिभेस संवय आहेच. इंग्रजांस जें जड जातें, तें मराठी माणसास सहज जमतें. उच्चार चुकेल, ऐकणारा हंसेल, हंसूं द्यावें. आपल्याकडे एखादा परदेशी पाहुणा ‘मला पोळी पाहिजे’ असें अडखळत म्हणाला, तर घरांतील बायका त्यास एकाऐवजीं दोन पोळ्या वाढतात कीं नाहीं? जगांतील सर्व स्वयंपाकघरांचा कायदा हाच आहे.

चौथी गोष्ट एकत्र कुटुंबांतील कर्त्या माणसांसाठीं. परदेशीं गेल्यावर काय खावें, याचा निर्णय एकट्यानें सर्वांवर लादूं नये. ज्यांचें व्रत कडक त्यांचें तें सांभाळावें. मुलांच्या कुतूहलास मात्र ‘शी’ म्हणून झिडकारूं नये. न खातां चौकशी करतां येते, वास घेतां येतो, नांव विचारतां येतें. पाहुण्याचा अर्धा मान चौकशींतच असतो.

नियम सांभाळून माणूस जोडणें

याचें आपल्या इतिहासांतील थोर उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. १८८३ सालीं, अठरा वर्षांचें वय, सोबतीस घरचें माणूस नाहीं. अशा स्थितींत त्या अमेरिकेस गेल्या. लुगडें सोडलें नाहीं, शाकाहार सोडला नाहीं; आणि तरीहि न्यू जर्सींतील कार्पेंटर कुटुंबांत त्या घरच्या मुलीप्रमाणें राहिल्या. कार्पेंटरबाईंस त्यांनीं मावशी मानलें. १८८६ सालीं पदवी घेऊन त्या परतल्या. १८८७ सालीं पुण्यास निवर्तल्या. आणि त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, ती त्या कुटुंबाच्या दफनभूमींत पुरण्यांत आली. ताट वेगळें असूनहि नातें किती खोल जाऊं शकतें, याचा याहून मोठा दाखला कोणता? बेने इस्रायलांनीं नारळाच्या दुधानें जें साधलें, तेंच आनंदीबाईंनीं आपल्या वागणुकीनें साधलें. नियमाची भिंत त्यांनीं मोडली नाहीं; तीस खिडकी पाडली.

हा विचार केवळ सुटींतील मौजेचा नाहीं. आज पुष्कळ घरांतील आजी-आजोबा वर्षांतून कांहीं महिने परदेशीं मुलांकडे राहतात. नातवंडें तेथील भाषेंत स्वप्नें पाहतात. ‘घरांत मराठीच बोला’ असा दंडक घालून भाषा टिकत नाहीं. त्या दंडकानें मुलें गप्प मात्र होतात. लिस्बनच्या त्या आजींनीं आधीं नातीचे शब्द घेतले, मग आपले दिले. नातीच्या शाळेंतील पदार्थ चाखला, मग तिला थालीपीठ थापावयास बसविलें. आतां दर रविवारीं दूरध्वनीवर नात त्यांस आठवड्याचा स्वयंपाक मराठींत सांगते. व्याकरण लंगडें, पण एकहि रविवार चुकत नाहीं.

कोर्लईच्या माणसांनीं आपली भाषा जपली ती कोणाच्या हुकुमानें नव्हे. तींत भाकर मागतां येत होती, रागावतां येत होतें, लेंकराला निजवितां येत होतें, म्हणून ती राहिली. जी भाषा स्वयंपाकघरांत बोलली जाते ती जगते. आणि जें स्वयंपाकघर परक्या पदार्थास पाट मांडतें, त्याची भाषाहि परक्या शब्दांनीं श्रीमंत होते. मराठीचा इतिहास हेंच सांगतो.

म्हणून पुढील सुटींत ज्यांस समुद्रापलीकडे जावयाचें असेल, त्यांनीं जाण्यापूर्वीं दोन दिवस अष्टागरांत काढावे: चौलाचें जुनें बंदर पाहावें, कोर्लईस थांबावें, पोपटीच्या जाळाजवळ बसून आगरी ऐकावी. मग पेटी भरावी. लोणच्याची बरणी अवश्य घ्यावी. पण तिच्याशेजारीं एक कोरी वहीहि ठेवावी. रोज एक नवा घास आणि रोज एक नवा शब्द, एवढें जरी तींत लिहून आणलें, तरी घरीं राहिलेल्या माणसांना त्या प्रवासाचा खरा वांटा मिळेल.